पडदीमागचे चार बदल

टाचणीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. कंपनीत ती टाचणी, दूधवाल्याची टाचणीबाई, आणि घरात तिला हाक मारायची वेळच कोणावर येत नसे. ओठांत सतत टाचण्या धरून ठेवायची म्हणून हे नाव पडलं, असं काही जण सांगत. टाचण्या काढल्यावर तिच्या तोंडून काय बाहेर पडतं ते ज्यांनी ऐकलं होतं, ते नावाचं कारण वेगळं सांगत.

कंपनी नाचगाण्यांचा खेळ करायची. त्यात गोष्ट नव्हती. गाणं, नाच, मध्ये दोन विदूषकांची मारामारी, की पुन्हा गाणं. लोक यायचे ते शेवटच्या गाण्यासाठी. रंगमंचाच्या मधोमध लाकडी चौकटीची एक पडदी उभी असे. माणसाच्या डोक्याइतकी उंच, दोन्ही बाजूंनी मोकळी. गाणारी बाई निळ्या झग्यात यायची, गात गात पडदीमागे जायची, आवाज क्षणभरसुद्धा तुटायचा नाही, आणि दोन ओळी संपता संपता ती पलीकडून पिवळ्या झग्यात बाहेर पडायची. मग पिवळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा हिरवा, हिरव्याचा लाल. चार बदल. लोक खुर्च्यांतून अर्धवट उठायचे. कोणी म्हणे बाईला जुळ्या बहिणी आहेत. कोणी पैजा लावून पडदीच्या बाजूची तिकिटं काढी आणि तिथूनही काही न दिसल्यामुळे चिडून घरी जाई.

पडदीमागे टाचणी असे. गळ्यापासून पायापर्यंत काळे कपडे, केसांवर काळं फडकं. सगळे झगे पाठीत वरपासून खालपर्यंत उघडे आणि टिचबटणांवर तोललेले. बाई पडदीमागे शिरली की छातीवरचं कापड दोन्ही मुठींत धरून पुढे ओढी, पाठीवरची बटणं तडतडत सुटत, झगा पायाशी पडे. त्याच दमात ती हात पुढे करी, आणि त्या हातांत नवीन झग्याच्या बाह्या आलेल्या असत. मग टाचणी तिच्या पाठीमागे जाऊन कमरेपासून मानेपर्यंत एकच हात फिरवी आणि सगळी बटणं दातखीळ बसावी तशी बसत. पाठीवर एक थाप. म्हणजे जा.

टाळ्या पडत त्या बाईला. टाचणीला त्याचं वाईट वाटत नसे असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाईट वाटे, आणि ते वाईट वाटणं ती बाकीच्या कपड्यांसारखं घडी घालून जपून ठेवी.

ती गाणारी बाई म्हणजे टाचणीची वहिनी. सख्खी. कंपनी उभी केली ती टाचणीच्या दादाने. त्यानेच बायकोला रंगमंचावर आणलं आणि धाकट्या बहिणीला पडदीमागे उभं केलं. दादा होता तोवर दोघींचं बरं चाललं होतं, म्हणजे भांडणं रोजची रोज मिटत होती. दादा गेल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. घर एकच, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरही एकच, त्यात दोन चुली, एकीची खिडकीकडे आणि दुसरीची भिंतीकडे. खेळाच्या दिवशी मात्र टाचणी त्या बाईच्या अंगाला जितक्या वेळा हात लावी तितक्या वेळा सख्खी आईसुद्धा लावत नसेल.

निरोप पोचवायचं काम मास्तरांकडे होतं. मास्तर म्हणजे कंपनीचे वाजवणारे, दादाचे जुने मित्र. रोज सकाळी चहाला यायचे आणि दारातल्या स्टुलावर, बरोबर दोन खोल्यांच्या मध्ये बसायचे.

"मास्तर, तिला सांगा, नळाखालची बादली माझी आहे."

"मास्तर, तिला विचारा, बादलीवर नाव कोरलंय का?"

"अहो, मी वाजवणारा माणूस," मास्तर म्हणायचे. "दोघींना ऐकू येतंय. माझा चहा तरी गरम असताना पिऊ द्या."

वैराचं कारण मास्तरांना ठाऊक होतं, म्हणून ते ‘मिटवा आता’ असं कधी म्हणत नसत. दादा दवाखान्यात असताना कंपनीचा खेळ लागला होता. त्या संध्याकाळी तो गेल्याचा निरोप थिएटरच्या मागच्या दारावर आला. दारवानाने तो वहिनीला सांगितला, आणि वहिनीने तो पोटात ठेवला. गाणं झालं, चारही बदल झाले. शेवटचा लाल झगा बसवताना टाचणी हसली होती, कारण एक विदूषक विंगेत घसरून पडला होता. पडदा पडल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमचे दादा गेले." केव्हा, असं विचारल्यावर तिने मान खाली घातली.

टाचणीने तेवढ्यावरून ओळखलं, निरोप गाण्याआधीच आला होता. मध्यंतरातच आला, असं पुढे कोणीतरी तिला सांगितलं. दादा गेला याचं दुःख सगळ्यांना असतं तसं तिलाही झालं. पण आपण काही ठाऊक नसताना, हसत हसत, त्याच्या बायकोला लाल झगझगीत कपड्यात नटवून उजेडात ढकललं, हे तिच्या हातांना कधी पचलं नाही. सकाळी उठून ती हात धुई तेव्हासुद्धा ते तिला आठवे.

मग कंपनीवर सिनेमा काढायचं ठरलं. रिकाम्या थिएटरात कॅमेरे लावून अख्खा खेळ जसाच्या तसा टिपायचा आणि गावोगावच्या पडद्यावर दाखवायचा. विदूषकांनी त्या दिवसापासून पोटं आत घ्यायला सुरुवात केली. टाचणीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट बसली. खेळ संपला की बदल संपतो. लोक घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी म्हणतात, जुळ्या बहिणी असतील. पण कॅमेरा ते धरून ठेवील. निळ्याचा पिवळा कसा झाला, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती, हे कायमचं राहील. आपला हात दिसायला नकोच. हाताने केलेलं दिसलं म्हणजे झालं. पोटी पोर नाही, नावावर घर नाही. मागे राहण्यासारखं तिच्यापाशी हे एवढंच होतं.

दिग्दर्शक पहिल्या दिवशी आला तो नाकाला रुमाल लावूनच. थिएटरच्या पडद्यांना धुळीचा वास येतो म्हणाला. सडपातळ माणूस, बोलताना समोरच्याच्या कानाच्या मागे कुठेतरी बघायचा. त्याने विदूषकांना सांगितलं, "ओरडू नका, इथे शेवटच्या रांगेत कोणी बसलेलं नाही." गाणी आधीच दुसरीकडे ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. ती आता भोंग्यातून वाजणार आणि वहिनीने नुसते ओठ हलवायचे. शेवटच्या गाण्याची वेळ आली तेव्हा तो पडदीभोवती एक चक्कर मारून आला.

"बाई निळ्यात आत जातील, तिथे थांबायचं. कॅमेरा बंद. आत खोलीत जाऊन निवांत कपडे बदला, चहा घ्या. मग पिवळ्यात बाहेर या. आम्ही दोन्ही तुकडे जोडून टाकू."

टाचणी पुढे झाली. "पण आम्ही ते एका दमात करतो."

"हो, थिएटरात करावं लागतं," दिग्दर्शक तिच्या कानामागे बघत म्हणाला. "इथे नाही लागत. तुम्ही कोण?"

"कपडे बदलते."

"त्याला आमचा शिंपी आहे. नवे झगे त्याने शिवलेत. तुम्ही खाली बसा, खुर्च्या सगळ्या रिकाम्याच आहेत."

कोणीतरी फिसकन हसलं. टाचणीने वहिनीकडे पाहिलं. कंपनीची मालकीण तीच, आता एक शब्द बोलायची वेळ होती. वहिनी आरशात बघून भुवई कोरत होती.

"मास्तर," टाचणी मोठ्याने म्हणाली, "तिला सांगा, नाही म्हणावं. तिने नाही म्हटलं तर हा माणूस एका दमात घेईल."

मास्तरांनी खाकरून तोंड उघडलं, पण वहिनी आरशाशीच बोलली. "मास्तर, तिला सांगा, मला निवांत कपडे बदलायला मिळतायत. आयुष्यात पहिल्यांदा. कोणी पाठीत थापा न मारता."

टाचणी पायऱ्या उतरून खाली गेली आणि पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीत बसली. तिने त्या थिएटरात उभ्या जन्मात खुर्चीत बसून काही पाहिलं नव्हतं. इथून पडदी केवढीशी दिसत होती. मागे उभं असताना ती एखाद्या घराच्या भिंतीएवढी वाटे.

दिवे पेटले. त्यांची तयारी इतकी लांबली की विदूषक झोपी गेले. पहिल्या तुकड्यासाठी निळा झगा जुनाच ठेवला होता, दिग्दर्शकाला त्याचा रंग पसंत पडला होता. भोंग्याने खरखर करून गाणं सुरू केलं आणि टाचणीचे पाय आपोआप उठले. विंगेतल्या ट्रंकेत जुने झगे होते. ते आणायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिने आणले होते. पिवळा हातावर घेऊन ती मागच्या अंधारातून पडदीमागे जाऊन उभी राहिली. कोणाच्या लक्षात आलं नाही. तिचं कामच ते होतं, लक्षात न येणं.

वहिनी ओठ हलवत आत आली. तिला आत येऊन थांबायचं होतं, एवढंच. पण इतक्या वर्षांची सवय लागलेल्या अंगाला दिग्दर्शकाचं म्हणणं कोणी कळवलं नव्हतं. तिच्या मुठींनी छातीवरचं कापड धरलं, ओढलं, बटणं तडतडली, निळा झगा पायाशी पडला. तिचे हात पुढे आले.

पिवळ्या झग्याच्या बाह्या तयार होत्या. टाचणीने त्या फक्त पुढे करायच्या होत्या. तिने झगा छातीशी धरला आणि एक पाऊल मागे सरकली.

वहिनीने डोळे वर करून पाहिलं असेल तेव्हा तिचे पाय निघाले होते. गाणं पुढे गेलं होतं आणि गाण्याबरोबर तीही गेली. पडदीच्या दुसऱ्या बाजूने, भर दिव्यांत, आतल्या घट्ट काळ्या कपड्यावर ती बाहेर आली. हात अजून तसेच पुढे होते. उजव्या खांद्याला काखेतून गळ्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. पोट सुटलेलं, दंड लोंबलेले. ओठ मात्र हलतच होते आणि भोंग्यातून तिचा गोड आवाज विचारत होता, सांग ना, मी कोण आज.

"बंद करा! बंद!" दिग्दर्शक ओरडला. दिव्यांवरच्या लोकांपैकी एकाला हसू फुटलं आणि ते सगळीकडे पसरलं. दिग्दर्शक मदतनिसाला म्हणाला, आणि आवाज खाली करायची त्याला गरज वाटली नाही, "त्या खांद्याला काय झालंय? जवळून घेऊ नका हं. वयही घेऊ नका."

वहिनी रडली नाही. कोणीतरी टाकलेली शाल तिने खाली पडू दिली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एका दमात घ्या. सगळं. माझ्या जुन्या झग्यांत."

"कशाला पण? जोडता येतं."

"ती मागे उभी आहे ना, काळी. तिला फार हौस आहे. होऊ द्या एकदा तिच्या मनासारखं. एक जरी बटण चुकलं तरी आजपासून ती माझ्या अंगाला हात लावणार नाही. माझ्या घरातही राहणार नाही." मग तिने मान वळवून आवाज चढवला. "मास्तर, सांगा तिला."

मास्तर कुठे होते कोण जाणे. सांगायची गरज नव्हती. टाचणी पडदीआडून बाहेर आली होती. "मास्तर, तिला सांगा, बटण चुकलं तर मीच जाईन. आणि नाही चुकलं तर तिने पुन्हा कोणासमोर आरशाशी बोलायचं नाही."

दिग्दर्शकाने पहिल्यांदा टाचणीच्या डोळ्यांत पाहिलं. भांडण बघायला कोणाला आवडत नाही? शिवाय त्याच्या शिंप्याच्या नव्या झग्यांना इतके हूक होते की प्रत्येक बदलाला सगळे जेवून आले असते. "एक रीळ," तो म्हणाला. "नासलं तर नासलं."

टाचणीने झगे दोरीवर टांगले. पिवळा, पांढरा, हिरवा, लाल. तिचे हात गार पडले होते, ते तिने काखेत धरून गरम केले. गाणं सुरू झालं आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की आज काहीतरी निराळं आहे. थिएटरात वहिनी पडदीमागेही गात असे. तोंड गाण्यात, अंग टाचणीच्या हातांत. म्हणून त्या जागेत दोघींमध्ये कधी शब्द झाला नव्हता, दादा होता तेव्हाही नाही. आज गाणं भोंग्यात होतं. पडदीमागे वहिनीचं तोंड मोकळं होतं.

वहिनी आत आली. निळा पायाशी. बाह्या तयार.

"वन्सं, मघाशी हात कुठे होते?"

इतक्या वर्षांनी वन्सं! टाचणीच्या ओठांत टाचणी नव्हती तरी टोचल्यासारखं झालं. "तुम्ही ठेवले होते तिथे. खुर्चीत." बटणं बसली. थाप. जा.

पिवळ्यात वहिनी बाहेर गेली, टाचणीने निळा पायाने सरकवला, पांढरा उघडून धरला. पलीकडे पावलं वाजत होती. वहिनी परत आली ती हसरा चेहरा तसाच ठेवून, आणि त्या हसऱ्या चेहऱ्यानेच म्हणाली, "नवरा माझा गेला होता. राग किती दिवस माझ्यावर?"

"गेल्याचा राग नाही. लपवल्याचा. माझ्या हातांकडून करवून घेतलंत."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"सोडून निघून गेले असते."

"म्हणूनच." थाप बसायच्या आत वहिनी निघाली.

टाचणीचे दात एकमेकांवर घासले. हिरवा झगा धरताना तिच्या मनात आलं, एक बटण, मधलं, कोणालाही न कळणारं. सोडून द्यावं. चालता चालता पाठ उघडेल. मग घरही गेलं आणि पडदीही गेली तरी चालेल. वहिनी आली. पांढरा पडला. डावा हात बाहीत गेला. उजवा तिथेच अडकला.

"खांदा."

"येत नाही वर."

"ठाऊक आहे. उजवी बाही उसवून बटणांवर कोणी आणली? भुतांनी?" टाचणीने उघडी बाही खालून दंडाभोवती घेतली आणि बसवली, खांदा न हलवता. "आरशाला विचारा कोणी आणली."

मधलं बटण बसलं होतं. टाचणीला ते थाप मारल्यावर कळलं. हातांनी तिला विचारलंच नव्हतं.

शेवटचा बदल. लाल. हा झगा टाचणी नेहमी न बघताच दोरीवरून काढी. वहिनी आत आली, आणि यावेळी तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मध्यंतरात निरोप आला असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. मध्यंतरात नाही आला. गाणं सुरू होताना आला, विंगेत. मी चारही वेळा सांगणार होते. तोंड मोकळं नव्हतं."

टाचणीचा हात कमरेपाशी थांबला. गाणं थांबलं नाही. भोंग्यातला आवाज शेवटच्या चढावर निघाला होता.

"खोटं," ती म्हणाली.

"दारवानाला विचारा."

"तो मेला."

"माहीत आहे मला तो मेला!"

टाचणीने हात वर ओढला, एकदम, मानेपर्यंत. शेवटचं बटण कातडीसकट बसलं असावं, कारण वहिनीने श्वास आत घेतला. मग थाप नव्हे, सरळ धक्काच. लाल झगा उजेडात गेला आणि गाण्याची शेवटची ओळ बरोबर तिच्या तोंडावर आली.

कॅमेरावाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. दिग्दर्शक खुर्चीतून उठला, पडदीकडे आला, मागे डोकावून जमिनीवरचे चार झगे बघितले.

"छान," तो म्हणाला. "फार छान. आता कठीण एवढंच आहे, की कोणी विश्वास ठेवणार नाही."

टाचणीला ते कळलं नाही. कळलं ते सिनेमा लागला तेव्हा.

मधल्या काळात कंपनीचे खेळ कमी झाले, मग बंदच पडले. गाणं सिनेमात बघायला मिळतंय तर थिएटरात धुळीचा वास घ्यायला कोण येणार? विदूषकांपैकी एक दुकानात बसू लागला. ट्रंक घरी आली आणि दोन चुलींच्या मध्ये बसली. दोघींचा अबोला पूर्वीसारखाच होता. पडदीमागे जे बोलणं झालं ते पडदीमागेच राहिलं होतं, आणि आता कुठे पडदी नव्हती. उलट टाचणीला वाटे, पूर्वी बरं होतं. पूर्वी तिला नक्की ठाऊक होतं.

सिनेमाला त्या दुपारच्या खेळाला गेल्या. मास्तरांनी तिघांची तिकिटं काढली होती, पण दोघी शेजारी बसेनात. शेवटी वहिनी मागच्या रांगेत बसली, टाचणी पुढच्या, आणि मास्तर वैतागून एकटेच कोपऱ्यात. वहिनीने सिनेमावाल्यांनी शिवून दिलेला रेशमी झगा घातला होता, पाठीला बारीक हुकांची रांग असलेला. शेजारणीला बोलावून लावून घेतला असणार.

शेवटचं गाणं आलं. पडद्यावरची पडदी खऱ्याहून तिप्पट मोठी होती. निळ्यात वहिनी आत गेली, आणि टाचणी खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. तिला पडदीमागचं सगळं ऐकू येत होतं. हात कुठे होते. खुर्चीत. पिवळा बाहेर आला. लपवल्याचा. पांढरा आला. एकही तुकडा जोडलेला नव्हता, अख्खं एका दमात. ती लोक खुर्च्यांतून अर्धवट उठायची वाट बघत राहिली.

कोणी उठलं नाही. हिरवा आला तेव्हा टाचणीच्या पुढच्या खुर्चीतला जाडा माणूस बायकोकडे झुकला. "काही नाही गं. कापतात आणि चिकटवतात. आत जाऊन आरामात कपडे बदलते, चहा पिते, मग बाहेर येते."

टाचणीचं तोंड उघडलं, पण आवाज तिच्या मागून आला.

"काही कापलेलं नाही!"

जाडा माणूस दचकून वळला. वहिनी उभी राहिली होती. "एका दमात केलंय! डोळे आहेत का बटणं लावलीयत?"

"अहो बाई, खाली बसा. आम्हाला शिकवू नका सिनेमा कसा काढतात ते."

"तुम्हाला कोण शिकवणार?" टाचणीही उठली. "चहा पिते म्हणे! घसा सुकला होता तिचा, समोर मी उभी होते. पाणीसुद्धा नव्हतं!"

"तुम्ही कोण?"

"मी मागे होते!"

"कोणाच्या मागे?"

याला उत्तर होतं, पण पडद्यावर काही दिसत नव्हतं. तिथे नुसती एक पडदी होती आणि पलीकडून लाल झगा बाहेर येत होता, कापून चिकटवल्यासारखा स्वच्छ. आजूबाजूचे लोक शुक् शुक् करू लागले. कोणी म्हणालं, बाहेर काढा. बॅटरीवाला आला आणि त्याने दोघींच्या तोंडांवर उजेड मारला. पडद्यावर गाणारी बाई आपल्यासमोर उभी आहे हे त्यालाही ओळखता आलं नाही.

बाहेर ऊन होतं. मास्तर मागून धावत आले.

"मास्तर, तिला सांगा," टाचणी म्हणाली, "कोणी तिला माझी बाजू घ्यायला सांगितलं नव्हतं."

"मास्तर, तिला सांगा, मी माझी बाजू घेतली. आत मी होते."

"आणि मी काय बाहेर होते?"

"मला आता चहा पाहिजे," मास्तर म्हणाले आणि दोघींना रस्त्यात सोडून निघून गेले.

रस्त्याच्या दोन कडांनी दोघी घरी आल्या. टाचणीने आपली चूल पेटवली, पाणी ठेवलं. पलीकडच्या खोलीत वहिनी बराच वेळ काहीतरी खुडबुडत होती. कपाट उघडलं, मिटलं. खुर्ची सरकली. एकदा तोंड दाबून कण्हल्यासारखा आवाज आला. मग ती येऊन दारात उभी राहिली, जिथे मास्तरांचं स्टूल असे तिथे. टाचणीकडे पाठ करून. रेशमी झग्याच्या हुकांची रांग मानेपासून कमरेपर्यंत तशीच होती. शेजारीण घरी नसावी.

टाचणीने पाणी उतरवलं. हात पुसले. ती जवळ गेली आणि वरून एकेक हूक काढू लागली. शिंप्याचं काम वाईट होतं, फासे आवळ होते. वहिनीच्या मानेखाली एक जुना बारीक वण होता, टिचबटणाएवढा. एकेक करत ती कमरेपाशी आली. शेवटचे दोन राहिले आणि टाचणीने हात काढून घेतले.

"आता तोंड मोकळं आहे," ती म्हणाली. "निरोप कधी आला?"

वहिनीने मान वळवली नाही. तिचा डावा हात मागे आला, हुकांपर्यंत चाचपडत गेला, पोचला नाही.

"सांगितलंय एकदा."

"पुन्हा सांगा. हळू सांगा. गाणं चालू नाहीये."

वहिनी तशीच उभी राहिली, अर्धी उघडी, दोन हुकांवर अडकलेली. टाचणीने मास्तरांचं स्टूल पायाने ओढून घेतलं, तिच्या पाठीमागे बसली, आणि वाट बघू लागली.